खरादोबाची खोळ

नरसिंगरावांचं पत्र आषाढात आलं होतं, आणि घटस्थापना झाली तरी वामनरावांनी त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असं नाही. यंत्रांवरच्या एका जाड इंग्रजी पुस्तकात ते खुणेसाठी घातलेलं होतं, आणि ते पुस्तक वामनराव दिवसातून चारदा उघडत. उघडलं की थोरल्या भावाचं वळणदार मोडी अक्षर समोर येई. मग पत्र पुढच्या पानात सरकवायचं आणि मागचं पान वाचायला घ्यायचं, असा तीन महिन्यांचा परिपाठ होऊन बसला होता.

पत्र तसं प्रेमाचंच होतं. 'चि. वामनास आशीर्वाद. नोकरीतून मोकळा झालास. मुली आपापल्या घरी नांदत आहेत. आता आदिलाबादेत तुझं काय राहिलं आहे? इकडे हैदराबादेस मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. तू कसलंसं मोडकं यंत्र घरी आणल्याचं कळलं. लढाईमुळे लोखंडाला मागणी आहे, ते देऊन टाक. आपल्या घराण्यात लेखणीखेरीज कुणी काही हाती धरलेलं नाही. तुझ्या घराला गिऱ्हाईक पाहिलं आहे. कोजागिरीला निघेन आणि तुम्हा दोघांना घेऊन येईन. उत्तर आलं नाही तर होकार समजतो. तुझं गप्प बसणं म्हणजे हो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.'

शेवटचं वाक्य वामनरावांना जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. सतराव्या वर्षी त्यांना कारखान्यात काम शिकायला जायचं होतं. दादांनी विचारलं, कापसाच्या जिनात हजेरी कारकुनाची जागा आहे, धरतोस ना? वामनराव खाली मान घालून उभे राहिले आणि पुढची अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडत बसले. लग्नही तसंच ठरलं. देवकाबाई म्हणत, "मीच आली ते नशीब समजा. हे तर कोनालेही हो म्हनले असते."

गोष्ट निजामी अमलातली, फसली तेराशे पन्नासच्या पुढची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. आदिलाबादेतल्या त्या जिनिंगच्या फाटकाशी एक कडुनिंब होता आणि त्याच्या बुडाशी खरादोबा बसलेला होता. खरादोबा म्हणजे विलायतेहून आलेलं खरादाचं जुनं यंत्र. लोखंडाची कांब त्यात धरून गरगर फिरवायची आणि पोलादी हत्याराने तासून गोल करायची, हे त्याचं काम. बावीस वर्षांपूर्वी जिनात नवं यंत्र आलं आणि जुनं फाटकाशी आणून टाकलं. त्याच साली खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. इतकी वर्षं ज्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं त्याला आज कसं वगळायचं, म्हणून तेलवाल्या अमृतरावाने त्याला शेंदूर फासला. दुसऱ्या वर्षी आणखी दोघांनी फासला. मग शनिवारी तेल-शेंदूर सुरू झाला, कुणाचा नवस फळला, कुणी नारळ फोडला. बावीस वर्षांत शेंदराचे थर चढून चढून यंत्राचा आकार बुजला, वर दोन चांदीचे डोळे बसले, आणि बाजाराला येणाऱ्या बायका पोरांची डोकी त्याच्यापुढे टेकवू लागल्या.

त्या थरांखालच्या यंत्राची आठवण काढणारे आता एकटे वामनराव उरले होते. जुना फिटर एकदा आठवडाभर आजारी होता, तेव्हा त्यांनी चोरून त्या यंत्रावर एक खीळ तासली होती. ती खीळ अजून त्यांच्या दौतीशेजारी असायची. बाकी जे शिकले ते पुस्तकांतून. आपल्याला हे काम येतं असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. येतं की नाही, याची त्यांनाच खात्री नव्हती.

मालकांनी मोटार लॉरी घेतली आणि खरादोबाच्या ओट्यामुळे ती फाटकात वळेना. भंगारवाला बोलावला, तर देवाला हात लावायला एक मजूर तयार होईना. त्याच आठवड्यात वामनरावांच्या निरोपाचा दिवस होता. मॅनेजरने शाल काढली तेव्हा वामनराव इतक्या हळू बोलले की त्याला दोनदा विचारावं लागलं. शाल नको, फाटकाजवळचं ते यंत्र न्यायची परवानगी द्या. मॅनेजरला काय, ब्याद सुटली.

आणि इथे वामनरावांच्या हातून एक चूक झाली. मुन्शीजी, म्हणजे वामनराव, खरादोबाला घरी नेऊन राह्यले, ही खबर दुपारपर्यंत सगळीकडे झाली. सगळे धरून चालले की मुन्शीजी घरी देऊळ बांधणार. महिपत गाडीवान चार बैल घेऊन आला. यंत्र दोऱ्यांनी गाडीवर चढवलं, पुढे हलगी, मागे गुलाल. महिपतने भाडं घेतलं नाही, उलट गाडीच्या जुवाला पाच वेळा कपाळ लावलं. "मुन्शीजी, आमच्या देवाले छप्पर देलं तुमी," तो म्हणाला. वामनराव खाली मान घालून उभे होते.

यंत्र परसातल्या गोठ्यात उतरलं. गुरं कधीच गेली होती, गोठा रिकामाच होता. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी दाराला आतून कडी घातली, देवाचे चांदीचे डोळे काढून डबीत ठेवले, नमस्कार केला, आणि छिन्नी लावली.

शेंदूर सहजी निघेना. चार बोटं जाड थर, दगडासारखा. तीन दिवस नुसती खरवड पडत होती. चौथ्या दिवशी छिन्नी कुठेशी खोल गेली आणि वीतभर लांबीची अख्खी ढलपी सुटून हातात आली. तिच्याखाली लोखंड दिसलं. वामनरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बावीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या यंत्राचे लोहमार्ग, ज्यांच्यावरून हत्यार पुढेमागे सरकतं ते, काल घासल्यासारखे करडे आणि गुळगुळीत होते. गंजाचा ठिपका नाही. जिथे शेंदूर पोचला नव्हता तिथे मात्र, खालच्या अंगाला, लोखंड पापडासारखं सुटत होतं. तेलात कालवलेल्या शेंदराने पाण्याला आत येऊच दिलं नव्हतं. ज्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनी दर शनिवारी ते जपलं होतं.

पुढचं सगळं काम सबुरीचं. जखडलेले पेच घासलेट पाजून पाजून आठ-आठ दिवसांनी सुटले. चामडी पट्टा नवा केला. जिनात वाफेच्या इंजिनावर चालणारं यंत्र घरी चालवायचं तर पायानं, म्हणून कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं जड चाक आणलं आणि सुताराकडून पायाची फळी करून घेतली. मुख्य दांडा ज्या पितळी बुशांत, म्हणजे जाड कड्यांत, फिरतो ते मात्र झिजून अंडाकृती झाले होते. नवे ओतायला ओतारी तयार होता, पितळ मिळत नव्हतं. लढाईत ते कुठेच मिळत नव्हतं. तेव्हा देवकाबाईंनी माळ्यावरून भाऊजींनी लग्नात दिलेली पितळी पिकदाणी खाली आणली.

"दादांनी प्रेमानं दिलेली आहे," वामनराव म्हणाले.

"मग काय झालं? अडतीस वर्सं झाली, एकदा तरी थुंकले का तिच्यात? भाऊजीच्या खोलीत राहायले गेलो का तितं थुंकू."

पिकदाणी ओताऱ्याच्या मुशीत गेली.

बूश आले, पण ते दांड्यावर नेमके बसायला हवेत. पुस्तकात रीत दिली होती. दांड्याला लाल रंग तेलात कालवून अगदी पातळ लावायचा, बुशात फिरवायचा, आणि रंग जिथे उमटेल तिथलाच उंचवटा धारदार पातीने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड, सगळीकडे सारखे ठिपके येईपर्यंत. तो लाल रंग कोणता हे शोधायला वामनरावांनी कोश उघडला, आणि उघडाच ठेवून ते कोपऱ्यातल्या टोपलीकडे पाहत राहिले. टोपलीत खरादोबाच्या ढलप्या होत्या. पुस्तकात सांगितलेला रंग म्हणजे शेंदूर. त्यांनी एक तुकडा खलात कुटला, तेल घातलं, आणि कामाला लागले. नंतर कितीतरी दिवस त्यांची बोटं लाल होती.

बाहेर मात्र लोक येत होते. शनिवारी नारळ, बाहेरून नमस्कार. दार बंद पाहून आत अनुष्ठान चालू असेल असं लोकच ठरवत. वामनराव ना हो म्हणत ना नाही. नारळ घेऊन आत ठेवत.

देवकाबाईंना ते सोसवेना. "खोटं बोलत नाही म्हनता," त्या ताट वाढता वाढता म्हणाल्या, "पन त्या नारळाची खोटी चटणी तर तीन महिने खाऊन राह्यले. त्या गरिबाइले सांगून काऊन नाही टाकत? आन् भाऊजीलेही सांगा. तिकडं गप्प, इकडं गप्प. यंत्राचं तोंड उघडलं तुमी, तुमचं कधी उघडता?"

वामनरावांनी चटणी ताटाच्या कडेला सारली आणि कोरडी भाकर खाल्ली.

षष्ठीला महिपत सांगून गेला की खंडेनवमीला जिनातले सगळे हलगी घेऊन येणार, नवा शेंदूर चढवणार. त्याच्या पाठोपाठ भिक्षुकी करणारे पांडुरंगराव जोशी आले. त्यांचं घर मागच्या बाजूला होतं, गोठ्याच्या झरोक्यातून त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. पण जोशीबुवा भांडायला आले नव्हते. त्यांनी टोपलीतल्या ढलप्या पाहिल्या, सगळ्यात मोठी ढलपी तर मुखवट्यासारखी अखंड होती, आणि ते खूश झाले.

देव खोळ टाकतो, त्यांनी समजावलं. शेंदराचा भार झाला की एखाद्या मारुतीची, एखाद्या देवीची खोळ आपोआप सुटते आणि आतली मूळ मूर्ती प्रकट होते. मोठा शुभशकुन. खोळ वाजतगाजत नदीत सोडतात. पैनगंगा काय लांब आहे? "तुम्ही फक्त गप्प उभे राहा, वामनराव," जोशीबुवा म्हणाले. "बोलायचं काम माझं. तुम्हाला काही जड नाही ते."

वामनराव काही बोलले नाहीत. मग ठरलं, असं म्हणून जोशीबुवा गेले.

देवकाबाई दारात उभ्या होत्या. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्या आत निघून गेल्या, आणि दोन दिवस नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अडतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्या दोन दिवसांत वामनरावांनी बूश बसवले, पट्टा चढवला, सगळीकडे तेल घातलं. फक्त यंत्र चालवून पाहिलं नाही. पाय फळीपाशी न्यायचे आणि मागे घ्यायचे. चाललं नाही तर? चोरून तासलेली एक खीळ आणि चार पुस्तकं, एवढ्यावर कुणी फिटर होतं का? दादांचंच खरं असेल, असं त्यांना वाटे, आणि ते पुन्हा एकदा तेल घालत.

नवमीला सकाळी अंगण भरलं. जिनातले पंचवीस-तीस लोक, हलगी, शेंदराची परात. म्हातारा तेलवाला अमृतराव काठी टेकत आला होता. गोठ्याचं दार उघडलं आणि सगळे थबकले. देवाच्या जागी करडं, काळं, तेलानं चमकणारं लोखंड उभं होतं.

जोशीबुवांनी हात वर केला. त्यांचा आवाज खणखणीत होता. पितृपक्ष संपता संपता देवानं खोळ टाकली, ते म्हणाले. बावीस वर्षांचा भार उतरवून मूळ रूप दाखवलं, बघणाऱ्यांचं भाग्य. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. हलगी थांबली. जोशीबुवांनी ती मुखवट्यासारखी ढलपी महिपतच्या ओंजळीत दिली. एवढा दांडगा माणूस सगळ्यांदेखत रडू लागला.

वामनराव खाली मान घालून उभे होते. त्यांना स्वतःची बोटं दिसत होती. नखांच्या कडेला शेंदूर होता, तीन महिने धुऊनही न गेलेला.

"खोळ देवानं टाकली नाही," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की पुढच्या दोघांनाच ऐकू गेला. जोशीबुवांनी डोळे वटारले. वामनरावांनी मान वर केली आणि पुन्हा म्हणाले, या वेळी परसाच्या भिंतीपर्यंत जाईल असं. "देवानं टाकली नाही. मी काढली. छिन्नीनं काढली. आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मग महिपतने डोळे पुसले. "तुमी?"

"हो. मी."

"आमी देव आनून देला, आन् तुमी सोलला?" महिपत पुढे आला. "माह्या बैलाइनं वढला, मुन्शीजी. भाडं नाही घेतलं म्या. तवा सांगाले काय झालं होतं?"

"तेव्हा सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो. ती चूक माझी, आणि तुमचे नारळ खाल्ले तीही माझी."

"मंग द्या आमचा देव परत. आताच घेऊन जातो."

मागच्या चौघांनी हो म्हटलं. परात घेतलेला एक जण यंत्राकडे सरकला. वामनराव आयुष्यात कधी कुणाच्या आडवे आले नव्हते. ते यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"देणार नाही," ते म्हणाले. "खोळ तुमची आहे, डोळे तुमचे आहेत, ते न्या. यंत्र देणार नाही. त्याला पुन्हा शेंदूर लावू देणार नाही. त्यावर तुमचे हात पडणार असले तर आधी माझ्यावर पडू द्या. हे बसवून ठेवायला केलेलं नाही. हे फिरायला केलेलं आहे."

"फिरवा मंग," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघे-तिघे हसले. "आयुष्यभर दौत फिरवली, आता हे फिरवून राह्यले."

वामनराव वळले. आता तेल घालण्याची सबब उरली नव्हती. कोपऱ्यातली गंजकी कांब त्यांनी यंत्राच्या जबड्यात आवळली. हत्यार बसवलं. ते दोनदा निसटलं. जड चाकाला हाताने धक्का दिला आणि फळीवर पाय ठेवला. चाक अर्धं वळलं आणि मागे आलं. कुणीतरी पुन्हा हसलं. देवकाबाई माजघराच्या दारातून चालत आल्या, पदर खोचला, आणि जात्याचा खुंटा धरावा तसा चाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"हूं," त्या म्हणाल्या. "दाबा आता."

चाकाने एक वळसा घेतला, मग दुसरा. पट्टा सळसळला. कांब फिरू लागली, आधी दिसेल अशी, मग न दिसेल अशी. देवकाबाईंनी हात काढला तरी चाक फिरत राहिलं. वामनरावांनी हत्यार पुढे नेलं. किर्र आवाज झाला, गंजाचा धूर उडाला, आणि त्याच्यामागून लोखंडाची एक लांब, निळसर, कुरळी साल निघून जमिनीवर पडली. तिच्याखालून कांब चांदीसारखी निघाली. त्यांनी ती शेवटपर्यंत तासली. कुणाकडे पाहिलं नाही.

थांबले तेव्हा अमृतराव जवळ आलेला होता. त्याने लोहमार्गावरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. "गंज काऊन नाही याले?" त्याने विचारलं.

"तुम्ही लावलेल्या शेंदरानं," वामनराव म्हणाले. "नाहीतर माझ्या हाती भुगाच लागला असता."

म्हाताऱ्याने बोट धोतराला पुसलं. मग त्याने परातीतला चिमूटभर शेंदूर घेतला, आणि यंत्राला नाही, पायाच्या लाकडी फळीला लावला. आणखी चौघांनी लावला. बाकीचे पाठ फिरवून निघून गेले, आणि जोशीबुवा तर दक्षिणेलाही थांबले नाहीत.

महिपतने खोळ धोतराच्या सोग्यात गुंडाळली. चांदीच्या डोळ्यांची डबी मागून घेतली. जाताना तो दारात थांबला, फिरणं थांबत आलेल्या चाकाकडे पाहत राहिला, आणि काही न बोलता गेला. गप्प बसण्याचे किती अर्थ असतात हे वामनरावांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्यातून एकही काढला नाही. संध्याकाळी कळलं की खोळ पुन्हा कडुनिंबाखाली बसली आहे, ओट्याविना, लॉरीला वळता येईल एवढी जागा सोडून.

दिवेलागणीच्या आधी वामनरावांनी पुस्तकातून भावाचं पत्र काढलं आणि कार्ड घेतलं. तीन महिने जुळवलेली वाक्यं त्यांना आठवत होती, पण त्यांतलं एकही त्यांनी लिहिलं नाही.

'तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. आपलं पत्र आषाढात पोचलं. उत्तराला उशीर झाला, त्याची क्षमा असावी. आम्ही हैदराबादेस राहायला येत नाही. घर विकायचं नाही, गिऱ्हाइकास तसं कळवावं. यंत्र आज चालू केलं. त्यातले दोन बूश आपण दिलेल्या पिकदाणीचे आहेत. ते उत्तम बसले. कोजागिरीला आपण जरूर यावं, यंत्र पाहावं आणि परत जावं. यापुढे मी उत्तर पाठवलं नाही तर त्याचा अर्थ हो असा घेऊ नये. आपला, वामन.'

देवकाबाईंनी ते वाचायला लावलं आणि उभ्या उभ्या ऐकलं. "परत जावं, हे खोडा," त्या म्हणाल्या. मग आत जाता जाता म्हणाल्या, "नाही, राहू द्या."

कार्डाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटला होता, तेलाचा आणि शेंदराचा. दुसरं कार्ड घ्यावं असं वामनरावांच्या मनात आलं. दसऱ्याच्या सकाळी, सोनं लुटायला गाव निघण्याआधी, ते कचेरीशेजारच्या टपालपेटीपाशी गेले, कार्ड उलटसुलट करून एकदा पाहिलं, आणि तेच आत टाकलं.